आंबेदहाडचा काटा

सावळ घाट लागला की मोबाइलची रेंज जाते.
गंगापूर रोडच्या ऑफिसात
उपजीविका, सक्षमीकरण, मूल्यसाखळी
हे शब्द आम्ही चहाच्या कपांसारखे वापरतो,
विसळून पुन्हा पुन्हा.
कोटंबीच्या वळणांवर मला गाडी लागली
आणि पोटातलं सगळं बाहेर आलं,
शब्द आधी.

पहिल्या बैठकीला मी पाड्याचा नकाशा नेला होता.
शाळेच्या ओट्यावर अंथरला,
वारा होता म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड.
शिलाई मशीन, मधपेट्या, अळिंबी, नागलीची बिस्किटं,
यातलं निवडा, म्हटलं,
प्रकल्प तीन वर्षांचा आहे.
बायका बराच वेळ दगडांकडेच बघत राहिल्या.

मग भिवराबाई भोये,
जी तोवर माझ्या यादीतला सतरावा अंगठा होती,
म्हणाली, "ह्यो दगड किती भरंल?"
मला काय माहीत!
"शेठच्या टेंपोत असाच हाये, पाच किलोचा म्हनतो.
नागली घालताना जड लागतो,
मीठ घेताना हलका.
आमाला काटा पायजे."

प्रस्तावात काटा नव्हता.
प्रशिक्षण होतं, बॅनर होते,
पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांचं जेवण होतं.
मी बॅनरच्या पैशांतून काटा बसवला.
हिशेबात तो अजून 'जनजागृती' या सदराखाली आहे
आणि ते काही खोटं नाही.

काटा आला त्या रविवारी
पाड्यात जे जे उचलता येईल ते त्यावर चढलं.
येसूची गाभण शेळी.
जानकीची नात, रडत, म्हणून आकडा ठरेना.
तिसरीतल्या पोराचं दप्तर.
मोळी, बत्तीस किलो.
हंडा आणि त्यावरची कळशी, सव्वीस.
झऱ्यावरून दिवसाला खेपा किती,
कुणीतरी बोटं मोडू लागली,
शेजारणीनं तिचा हात धरला,
"ऱ्हाऊ दे गं. बेरीज नको."

शेठ दोन बाजार आलाच नाही.
तिसऱ्याला आला, म्हणाला,
बॅटरीवरचा काटा खोटं बोलतो.
भिवरानं त्याच्याच टेंपोतली मिठाची पुडी उचलून ठेवली.
पुडीवर छापलेलं आणि काट्यावर दिसलेलं
सगळ्यांनी मोठ्यानं वाचलं,
ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीसुद्धा.
शेठनं वजन मान्य केलं
आणि किलोमागं तीन रुपये भाव पाडला.

याचं उत्तर माझ्या कुठल्याच फाइलीत नव्हतं.
त्या साली नागली कणगीतच राहिली.
बचत गटात भांडणं झाली, दोघी सोडून गेल्या.
होळीच्या आधी जीप ठरवून
अकरा पोती नाशकात उतरवली,
भाडं जाऊन हातात आलं ते फार नव्हतं,
पण कुठून आलं, किती आलं,
हे अकराही जणींना पाठ होतं.

दिवाळीनंतर अजूनही घरांना कुलपं लागतात.
दिंडोरीच्या द्राक्षबागा हाक मारतात
आणि पाडा लेकराबाळांसकट जीपमध्ये बसतो.
आधी चौदा कुलपं होती, यंदा नऊ.
पाच का कमी झाली, फॉर्म विचारतो,
उत्तर एका वाक्यात द्या.
मी लिहितो, खोडतो.
एका घरी म्हातारी आजारी होती, एवढं नक्की.

मार्चमध्ये प्रकल्प संपला.
निरोपाला गेलो तर मला काट्यावर उभं केलं.
अडुसष्ट.
भिवरानं वही काढली,
त्या पहिल्या रविवारी मीही चढलो होतो, हे मी विसरलो होतो.
बासष्ट.
"सहा किलो आमच्या भाकरीचं," ती म्हणाली,
"तेवढं लिव तुझ्या रिपोर्टात."

नकाशा मी परत आणला.
दगड तिथेच आहेत.
त्यातला एक भिवराच्या दाराला लावलेला असतो,
वाऱ्यानं फळी आपटू नये म्हणून.
त्यावर खडूनं लिहिलंय
तीन किलो चारशे.